चौथा कोपरा मीच नोंदवला

मित्रांनो, मी एक जुना स्वीच आहे. जुना म्हणा, चालेल. झिजलेला म्हणा, तेही खरं आहे. पण बिघडलेला म्हणाल तर आपलं जमणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

भिंतीवरचा, दिवा लावणारा स्वीच मी नव्हे. हातात मावणाऱ्या यंत्राच्या तोंडावर एक काळं, हरभऱ्याएवढं बोंड असतं. ते अंगठ्याने चारी बाजूंना कलतं आणि वरून दाबलं की टक् करतं. ते बोंड म्हणजे मी. माझ्या पोटात उपड्या वाटीसारखी एक बारीक पोलादी चकती आहे आणि तिच्याभोवती चार दिशांना चार पत्र्या. मला कलवलं की त्या बाजूच्या पत्रीला माझा स्पर्श होतो आणि पडद्यावरची खूण तिकडे सरकते. सरळ खाली दाबलं की वाटी दबते, आणि ‘हो, हेच’ असा हुकूम यंत्राला पोहोचतो. अंगठा उचलला की मी पुन्हा ताठ उभा.

१९९९ साली ज्यांनी माझा आराखडा काढला त्यांना एकच गोष्ट छळत होती. घाईतला माणूस एकाच वेळी कलवतोही आणि दाबतोही. मग यंत्राने समजायचं काय? त्यांनी माझ्या दांडीला खालून एक कड दिली. मी जरा कललो की ती कड तळाला टेकते आणि वाटी दबतच नाही. एका वेळी एकच हुकूम. आधी सरळ व्हा, मग दाबा. लोक याला माझा हट्ट म्हणतात. असेल. पण हा हट्ट काढून टाकला तर माझ्यात उरतंच काय?

समुद्रापलीकडच्या कारखान्यात एका लोखंडी बोटाने मला दिवसभर दाबून पाहिलं. माझ्या रांगेतले कितीतरी भाऊ तिथेच बाद झाले. मी टिकलो. मग मला एका जीपीएस यंत्रात बसवलं. हे यंत्र आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते सांगतं. त्या यंत्राबरोबर २००२ मध्ये मी गोंदियाला आलो, मोजणीची कामं घेणाऱ्या नंदलालजींच्या दुकानात.

नंदलालजींचा अंगठा मऊ होता. ते मला कामापेक्षा कौतुकासाठी जास्त दाबत. गिऱ्हाईक आलं की यंत्र टेबलावर ठेवायचं, मला चारी बाजूंना कलवून दाखवायचं आणि म्हणायचं, “देखा? अमरीका में बैठा आदमी भी हमको यहाँ देख सकता है.” अमेरिकेतला माणूस नंदलालजींना कशाला बघेल, हे कुणी विचारलं नाही. इटियाडोह धरणाच्या कालव्यांची मोजणी आम्ही केली, तेव्हा इंजिनिअर लोकांनीही माझी पाठ थोपटली. कौतुक मी जमेला धरलं, फार भरवसा मात्र ठेवला नाही. ते बरंच झालं. रंगीत पडद्याचं नवं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. शेजारी वाळलेली डिंकाची बाटली आणि दिवाळीच्या मिठाईचा रिकामा डबा. शेजारच्या राइस मिलच्या कोंड्याची धूळ फटीतून आत यायची आणि माझ्या बोंडावर बसायची. मी म्हटलं, बस बाई, तुलाही कुणी विचारत नाही.

मग जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शेती कसणाऱ्यांना त्या जमिनीचा हक्क देणारा कायदा आला. दावे शेकड्यांनी आले आणि मोजणीसाठी यंत्रं कमी पडली. २००९ च्या उन्हाळ्यात नंदलालजींनी मला फुंकर मारून बाहेर काढलं आणि आपल्या मोजणीदाराच्या, टेकचंदच्या, हाती दिलं.

टेकचंद वाईट माणूस नव्हता. पण त्याचा अंगठा नेहमी पुढच्या कामावर असे. या शेतात उभा असताना त्याला पुढचं शेत दिसे, पुढच्या शेतात जीप दिसे आणि जीपमध्ये जेवणाचा डबा.

चोरखमाऱ्याच्या तलावापासून थोडं आत जंगलाला लागून गोंडांची एक टोली, म्हणजे छोटी वस्ती, आहे. तिथे धुरपताबाई उईके यांच्या शेताची मोजणी होती. सासऱ्याने जंगल तोडून केलेली जमीन आता त्या कसत होत्या. सोबत गावच्या वनहक्क समितीचे सचिव खेमराज होते. शेत चार कोपऱ्यांचं. चौथ्या कोपऱ्यात त्यांची बोडी होती, म्हणजे धानाच्या बांध्यांना, खाचरांना, पाणी पुरवणारं घरचं छोटं तळं. पाऊस ओढ देतो तेव्हा धान जगवते ती बोडीच. बोडी गेली तर उरलेलं शेत नुसतं बघायला.

तीन कोपरे नीट झाले. प्रत्येक ठिकाणी उभं राहायचं आणि मला सरळ दाबायचं. पडद्यावर ‘ठेवा’ आणि ‘रद्द’ अशा अर्थाचे दोन चौकोन येतात. खूण आधीच ‘ठेवा’वर असते. आणखी एकदा दाबलं की कोपरा नोंदला गेला.

चौथ्या कोपऱ्यावर जायला बोडीच्या कडेचा चिखल तुडवावा लागणार होता. टेकचंदचे बूट नवे होते. त्याने ते काढून डाव्या हातात घेतले. उजव्या हातात मी. पाय घसरत होते आणि एकाच हाताने यंत्र धरून त्याच हाताच्या अंगठ्याने त्याने मला दाबलं. पहिला दाब सरळ बसला. दुसरा तिरपा. मी उजवीकडे कललो, खूण ‘रद्द’वर गेली. काही झालं नाही म्हणून त्याने न बघता पुन्हा दाबलं, आता सरळ. टक्. रद्द.

मित्रांनो, यात माझं काय चुकलं ते सांगा. त्याने कलवलं, मी कललो. त्याने दाबलं, मी दबलो. दोन्ही हुकूम मी जसेच्या तसे पोहोचवले.

टेकचंद परत आला, बूट बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, ठेवले आणि पाण्यात पाय धुवू लागला. खेमराजांनी पडद्यात डोकावून पाहिलं.

“साहेब, हे तं तीन कोन्याचं दिसून राहिलं. वावर तं चार कोन्याचं हाये.”

“मशीन झूठ नहीं बोलती, काका. उपग्रह वरून पाहतो, तुम्ही खालून पाहता.”

“मंग माही बोडी कोठं गेली?” धुरपताबाईंनी विचारलं.

“जंगलात गेली समजा. थोडीशीच तर आहे.”

“थोडीशी? तुह्या घरची विहीर नेऊन शेजाऱ्याले देतो, थोडीशी म्हनून. चालंल का?”

टेकचंद हसला. हसता हसता त्याने बुटांसाठी हात लांब केला, तर बूट जागेवर नव्हते. ते धुरपताबाईंच्या मांडीवर होते आणि धुरपताबाई पाळीवर ऐसपैस बसल्या होत्या.

“बाई, बूट दे. जीप खोळंबली आहे.”

“त्या कोन्यावर चाल. मंग बूट.”

“अरे, स्वीच खराब है इसका! दबतच नाही नीट.”

“अजी, आत्ताच तं म्हनत होते, मशीन खोटं बोलत नाही,” खेमराज म्हणाले. “आता तेच मशीन खराब? एवढ्या लवकर तं दूधबी नासत नाही.”

मे महिन्यातली तापलेली जमीन, जीप दूर आणि पाय उघडे. टेकचंद मुकाट्याने चिखलातून पुन्हा त्या कोपऱ्यावर गेला. मागे बूट छातीशी धरून धुरपताबाई आणि त्यांच्यामागे खेमराज. तिथे पोहोचल्यावर त्याने यंत्र त्यांच्यापुढे धरलं. “घे, तूच दाब. म्हणजे नंतर बोलायला नको.”

धुरपताबाईंनी बूट खेमराजांकडे दिले, पदराला अंगठा पुसला आणि मला असं शिवलं की जणू मी तापलेला तवाच. वाटी हललीसुद्धा नाही.

“अवो बाई, लेकराचा गाल नोहोय तो,” खेमराज म्हणाले. “रोवणा लावतेस तसा दाब ना.”

रोवणा म्हणजे चिखलात धानाची रोपं लावणं. रोप तिरपं खोचलं तर पाण्यावर तरंगून येतं. धुरपताबाई हसल्या, अंगठा ताठ केला आणि सरळ खाली नेला. टक्. पुन्हा टक्. पडद्यावर चार कोपरे उभे राहिले.

“घे बाबू, बूट,” त्या म्हणाल्या. “चिखल झाडला हाये.”

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण संध्याकाळी नंदलालजींनी उशिराचं कारण विचारलं आणि टेकचंदला ‘माझे बूट बाईने ठेवून घेतले’ असं काही लिहिता येईना. त्याने अहवालात लिहिलं, ‘यंत्राचा स्वीच नादुरुस्त. चौथा कोपरा दुसऱ्या खेपेला घेतला.’

माणसं अशा वेळी निर्जीव वस्तूचं नाव का लिहितात ते मला चांगलं ठाऊक आहे. वस्तू उलट बोलत नाही, तिला घरी बायकोला तोंड दाखवायचं नसतं. त्या एका ओळीचा भार एकट्या माझ्यावर पडला असता तर मी सोसला असता, पण तसं झालं नाही. वनहक्काचे दावे तपासणाऱ्या कचेरीने शेरा मारला, ‘नादुरुस्त यंत्राने घेतलेला कोपरा ग्राह्य धरता येत नाही. पहिले तीन कोपरे मंजूर करावेत.’ म्हणजे बोडी पुन्हा जंगलात.

धुरपताबाईंनी त्या तीन कोपऱ्यांवर अंगठा द्यायला नकार दिला. ‘मिळतंय तेवढं घे,’ असं सांगणारे बरेच होते. त्या म्हणाल्या, “अर्धा कोंबडा घेऊन काय करू? आरवंल का?” पुढच्या वर्षी सुनावणी लागली. रंजिता मॅडम त्या कचेरीत अधिकारी म्हणून नव्याने रुजू झाल्या होत्या. त्यांनी टेकचंदला बोलावलं, नंदलालजींना बोलावलं आणि यंत्रही घेऊन या म्हणून सांगितलं.

“स्वीच खराब होता की नव्हता, एवढंच सांगा,” मॅडम म्हणाल्या.

“होता, मॅडम. दबतच नव्हता.”

“मी दाबला तं दबला,” धुरपताबाई म्हणाल्या.

मॅडमनी नंदलालजींकडे पाहिलं. “खराब असेल तर त्या हंगामात या यंत्राने केलेल्या सगळ्याच मोजण्या पुन्हा कराव्या लागतील. तुमच्या खर्चाने.”

नंदलालजींच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात इतका जलद हिशेब पाहिला नाही. “नहीं नहीं मॅडम, चीज एकदम बढिया है! मैं तो रोज दबाता था!”

रोज म्हणे. डिंकाच्या बाटलीला विचारा.

मॅडमनी स्वतः यंत्र चालू केलं. मला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कलवलं आणि मग दाबलं. टक्. नंतर यंत्र टेकचंदला दिलं. त्याने दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून दाबलं. टक्.

“असं नाही, मॅडम,” खेमराज उठून म्हणाले. “तवा याच्या डाव्या हातात बूट होते.”

कचेरीत हसू पिकलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. “मग घ्या बूट.”

टेकचंदने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि खाली वाकून बूट काढले. डाव्या हातात बूट, उजव्या हातात मी. अंगठा तिरपा आला. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. माणसाला माणसाची दया येते. पण माझ्या दांडीखाली ती कड आहे आणि तिथे दयेला जागा ठेवलेली नाही. मी उजवीकडे कललो. खूण ‘रद्द’वर गेली. मॅडमनी ती सर्वांना दाखवली, तो शेरा आडव्या रेघेने खोडला आणि खाली सही केली.

“माझ्या नावावर काय लिहिता, मॅडम?” टेकचंदने हळूच विचारलं.

“काही नाही. यंत्राच्या नावावर लिहिलेलं तेवढं काढलं.”

“मंग बोडी?” धुरपताबाईंनी विचारलं.

“बोडी तुमची.”

“तसं लिवून द्या.”

मॅडमनी लिहून दिलं. पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, आला तो चार कोपऱ्यांचा. त्या साली पावसाने भर श्रावणात तोंड फिरवलं, तेव्हा त्या बोडीचं पाणी बांध्यांत उतरलं. खेमराज दुकानात आपला मोबाईल दुरुस्तीला कुणाकडे द्यावा हे विचारायला आले होते, त्यांनी सांगितलं म्हणून मला कळलं. नंदलालजींनी ‘अच्छा, अच्छा’ म्हटलं आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळले.

आता नुसत्या काचेवर बोट फिरवायची यंत्रं आली आहेत. माझं बोंड गुळगुळीत झालं आहे आणि माझ्या घराण्यातलं नवं कुणी या दुकानात येत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या हातात एखादी वस्तू रुसली, तर तिच्यावर ठपका ठेवण्याआधी आपला हात कसा पडला ते पाहा. तिची धूळ पुसा, तिची रीत समजून घ्या. आणि मला टाकायचंच असेल तर खुशाल टाका, पण जुना म्हणून टाका. बिघडलेला म्हणून टाकू नका. त्या एका खोट्या शब्दापायी कुणाची तरी बोडी जाते.