डाव्या हाताचा पीळ

एक पेड

पोतं आधी फिरलं. मग दोर तुटला असं म्हणता येणार नाही, तो उलगडला.

मागच्या अंगणातल्या झाडाला नवा दोर बांधला होता. खाली वाळूनं गच्च भरलेलं पोतं, आणि आम्ही घरचे सगळे माना वर करून उभे. पोतं गरगर फिरायला लागलं. दोर तीन पेडांचा असतो, तीन लडी एकमेकींत वळलेल्या. त्या तिघांमध्ये फट पडली, फटीतून आभाळ दिसलं. एक पेड गाठीतून निसटून सैल लोंबत राहिला आणि सगळा भार अंगावर आलेले दुसरे दोन ताडकन गेले. वाळू माझ्या पायांवर.

माझा नवरा खाली बसला आणि दोराचं टोक हातात धरून बघत राहिला, आजाऱ्याची नाडी बघावी तसा. पोतं त्याच्याच वजनाचं भरलं होतं. मला त्या जागी तोच पडलेला दिसत होता, पाय वाकडे, तोंड मातीत.

थांबा, आधी घर सांगते. माझा नवरा विहिरीत उतरतो. गाळ काढतो, ढासळलेले दगड बसवतो. त्याचा थोरला भाऊ दोर वळायचा. एकानं वळायचा, दुसऱ्यानं लटकायचं. आणि घरचा एक नियम: नवा दोर झाला की वळणारा स्वतः त्यावर आधी विहिरीत उतरणार, मगच दुसऱ्याच्या हाती देणार. थोरले वर आले की अंग झटकत म्हणायचे, "मी काही मेलो नाही. जा आता तू."

गेल्या हिवाळ्यात ते पेड वळता वळता बसल्या जागी गेले. छातीत कळ आली, एवढंच. हातातला पेड पुरा झाला होता. तो तसाच खुंटीवर राहिला.

ताई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली जाऊ. दोर आता ती वळते. हा तिचा पहिला.


दुसरा पेड

गल्लीच्या विहिरीची आतली भिंत खचली होती. झरा दगडांखाली दबला. रहाटाला घागर लावली की चिखल वर यायचा आणि त्याला कुजका वास. लोक खालच्या डबक्याचं पाणी प्यायला लागले होते. लोहाराची नात तापानं फणफणत होती. जुना दोर विरलेला. बाजारातला नायलॉनचा दोर ओल्या हातातून सुळकन सुटतो म्हणून माझा नवरा त्यावर पाऊल ठेवत नाही.

"नका जाऊ," मी म्हटलं.

"मग कोण जाईल? तुझा भाऊ? त्याला पायरी उतरताना घेरी येते."

"माझ्या भावाचं नाव काढू नका. दोर बघितलात ना?"

"बघितला. वहिनी दुसरा वळेल."

"आणि तोही उलगडला तर?"

तो हसला. घाबरला की तो असाच हसतो, दात न दाखवता.

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "दोरात खोट नाही! माझ्या लेकाच्या हातचा पेड आहे त्यात. तिचेच दोन निकामी निघाले."

ते खरं होतं. खुंटीवरचा थोरल्यांचा पेड सासूबाईंनीच ताईच्या हातात दिला होता: हा घाल, तो सांभाळेल सगळ्यांना. ताईनं तो डोळ्यांना लावून घेतला आणि स्वतःचे दोन नवे त्याला जोडले. लोंबत राहिलेला पेड थोरल्यांचा होता. तुटले ते ताईचे.

ताईनं घायपाताचा नवा वाख, दोराचे धागे, घेतला आणि परत वळायला बसली. अंगठ्याची साल निघालेली. मी जवळून गेले तर तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेते आहे. जवळ वाकले तर, "उजवा, उजवा, उजवा."


मध्येच, चादर

"धर नीट."

"धरलीय."

"अगं धाकटे, तू पिळतेस की नुसती फिरवतेस?"

"मी पिळतेय, ताई. तूच फिरवतेस. थेंब तरी पडतोय का?"

"मग इतकी वर्षं कशी पिळली जाते?"

"तुझ्या लक्षात नसलं की असंच होतं. चादर दोघींच्या हातात चाकासारखी फिरत राहते. मग मी माझे हात उलटे करते. गपचूप."

"कधीपासून?"

"आले तेव्हापासून. सासूबाई ओट्यावर असल्या की तुझे हात बरोबर चालतात. त्या आत गेल्या की..."

"की काय?"

"ताई, चादर सोडू नकोस, मातीत पडेल."

पडलीच. ताई स्वतःच्या हातांकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचे तरी चुकून घरी आणलेले असावेत तशी.


सैल भाग

ताई डावरी. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिचा डावा हात जुन्या फडक्यानं कमरेला बांधून ठेवला होता, उजव्याची सवय लागेपर्यंत. पुढं फडकं सुटलं. सगळ्यांना वाटलं, सवय लागली.

दुसऱ्या दिवशी ताईनं दोराला हातच लावला नाही. रहाटावर चिखल येतच होता आणि ही बाई घर झाडत होती. पण झाडताना मध्येच थांबायची. हाताकडे बघायची. मग पुढं.

झाडू: डावा.

कडी काढताना: डावा.

पिठात पाणी घालताना डावा, सासूबाई खाकरल्या, उजवा.

चुलीतलं लाकूड मागं ओढताना डावा, चटका बसला, तोंडात घातला तोही डावाच.

मला भीती वाटायला लागली. माणूस हरवलं की लोक शोधतात तशी ती शोधत होती, आणि शोधत कुणाला होती तर स्वतःच्या मनगटाला. दुपारी मी तिच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले. ती पडवीत डोळे मिटून बसली होती. मांडीवर वाख, हातात पेड वळायचा लाकडी दांडा. तो फिरत होता. डाव्या हातात, थोरले फिरवायचे त्याच्या उलट्या बाजूला, संथ, पाण्यात वल्हं मारावं तसा.

"धाकटे," डोळे न उघडता ती म्हणाली, "तुटले ते माझे पेड मी उजव्यानं वळायला बसले होते. भीती होती तोवर उजवा. कामात लक्ष लागलं की हा डावा. म्हणजे ते दोन्ही उलट्या पिळाचे. त्यात यांचा सरळ पिळाचा घातला. तिघं एकत्र नांदायचे कसे? भार आला की एकानं अंग काढून घेतलं."

"मग आता?"

"तिन्ही माझे घालायचे."

"आणि थोरल्या दादांचा?"

तिनं डोळे उघडले. त्यात काय होतं ते सांगता येत नाही, पण मी दोन पावलं मागं सरले.


तिसरा पेड, म्हणजे भांडण

"त्याचा पेड फेकून देणार तू?"

"फेकत नाही, आई. दोरात घालत नाही."

"त्याच्या हातची शेवटची वस्तू आहे ती!"

"म्हणूनच."

"म्हणूनच काय? डाव्या हाताचा दोर वळायचा, त्यावर माझा दुसरा लेक सोडायचा? एक खाल्लास, आता..."

माझा नवरा उभा राहिला. "आई, बास."

"तू गप. तुला काय, तू वाळूच्या पोत्यासारखा लटकणार!"

मला ताईच्या गुडघ्यांजवळचं लुगडं हलताना दिसत होतं. पण आवाज जागेवर होता. "भाऊजींना लगेच नाही सोडणार. आधी मी उतरेन. नियम आहे."

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. ताई विहिरीच्या काठावर वाकूनसुद्धा बघत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पाणी शेंदताना ती तोंड फिरवते.


पीळ

दोर झाला. झाडाला टांगला, पोतं लावलं. पोतं अर्धवट वळलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि तिथंच राहिलं. तरी रात्रभर माझा डोळा लागला नाही. झाड वेगळं, विहीर वेगळी.

सकाळी विहिरीवर गल्ली जमली. लोहार, त्याची सून, तिच्या कडेवर पांघरुणासकट नात. ताई आली ती खांद्यावर एक विचित्र वस्तू घेऊन. आमचे पुरुष दोराच्या फासात पाय अडकवतात आणि उभ्यानं उतरतात. ताईनं दोराच्या टोकाला फळी बांधली होती, बसायला. आणि बसणाऱ्याच्या कमरेभोवती यायला एक पट्टा.

"हे काय, झोपाळा?" लोहार म्हणाला. "वहिनी, आत खेळायला चाललात की काय?"

"मला भीती वाटते," ताई म्हणाली. "उभ्यानं उतरले तर पाय सुटतील माझे. म्हणून बसून जाणार."

असं भर गल्लीत कुणी म्हणतं का? लोहार खाली बघायला लागला.

सासूबाई जवळ आल्या, पट्टा हातात घेतला. ओळखला. थोरल्यांचा पेड होता तो. दुहेरी करून, टोकं घट्ट गाठवून. एकटा असला की त्याच्या पिळाचं कुणाशी भांडण नव्हतं. सासूबाईंनी तो बोटांत फिरवला, आणि ताईच्या कमरेला स्वतः बांधला. इतका करकचून की ताईचा श्वास अडला.

रहाट माझ्या नवऱ्यानं आणि लोहारानं धरला. मी दोराला हात लावून उभी, तो माझ्या तळव्याखालून जात होता. त्यातला प्रत्येक पीळ मला कळत होता. ताईचं डोकं काठाखाली गेलं. मग नुसता अंधार आणि रहाटाची कुरकुर.

"ताई?"

मी काठावर वाकले.

"ताई!"

दोर हलला. अगदी बारीक, सतत, थंडीनं दात वाजावेत तसा. माझ्या डोळ्यांसमोर फट आली, फटीतून आभाळ. "ओढा!" मी किंचाळले. "ओढा वर, तो उलगडतोय!"

"धाकटे," खालून आवाज आला, घुमत, "दोर फिरतोय का गं?"

मी बघितलं. डोळे ताणून बघितलं. तिन्ही पेड एकमेकांना चिकटून, कुठं रेघ नाही. "नाही. सरळ आहे."

"मग हलतंय कोण?"

"तूच थरथरतेस, ताई!"

मग विहिरीतून हसू आलं. रडण्यासारखंच होतं, पण हसू होतं. "बरं," ती म्हणाली. "मग सोडा अजून खाली."

ती तळाला गेली, चिखलात पाय बुडवले, ढासळलेल्या भिंतीतला एक दगड मांडीवर घेतला आणि वर आली. चेहरा राखेसारखा. काठावर बसली तरी अंग हलतच होतं. थोरल्यांसारखं अंग झटकायला गेली, ते जमलं नाही. दगड तिनं माझ्या नवऱ्याच्या पायाशी ठेवला.

"मी काही मेले नाही," ती म्हणाली. "जा आता तुम्ही."

तो नेहमीसारखा फासात पाय घालायला वाकला. मग फळीकडे बघितलं, मग लोहाराकडे, आणि गुपचूप फळीवर बसला. पट्टा बांधून घेतला. लोहारानं रहाटाला दुसरा माणूस बोलावला. मी मात्र दोरावरचा हात काढला नाही, तो वर येईपर्यंत. संध्याकाळी दगडांखालून झऱ्याची पहिली खळखळ ऐकू आली तेव्हाही नाही.

पण मी सांगणार होते ते मधलं. तो खाली गेल्यावर सासूबाई घरातून पाण्याचं भांडं घेऊन आल्या. ताईसमोर धरलं. ताईनं सवयीनं उजवा हात पुढं केला. तो इतका कापत होता की पाणी सांडलं असतं.

"तो नको," सासूबाई म्हणाल्या. "दुसरा दे."