जरा लाईट घालवता का?

खोऱ्यात तिला सगळे जाळेवहिनी म्हणत. जाळं म्हणजे मासे धरायचं नव्हे, टेकडीवरच्या खांबावरून खोऱ्यातल्या घराघरांत इंटरनेट पोचवणारं. एवढ्याशा वस्तीसाठी मोबाईलचा मनोरा उभारायला कुठलीच कंपनी तयार नव्हती. मग लोकांनीच जुने कॉम्प्युटर जमवले, छपरांवर अँटेना चढवल्या आणि वहिनीने त्या सगळ्यांत युनिक्स या जुन्या कॉम्प्युटर-प्रणालीच्या जातकुळीतले मोकळे प्रोग्राम घातले. जगभरच्या हौशी माणसांनी लिहून 'घ्या, वापरा' म्हणून सोडून दिलेले ते प्रोग्राम. नवरा चिडवायचा, "फुकट ते पौष्टिक!" वहिनी म्हणायची, "फुकट नाही, मोकळं. उघडून बघ, बदल, वाटलं तर बिघडव." बिघडवायची मोकळीक तिने त्या दुपारी पुरेपूर वापरली.

ती टेकडीच्या अलीकडच्या बाजूला, नवऱ्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत बसली होती. खोऱ्यातल्या दवाखान्यातून तिच्या धाकट्या नणंदेचा फोन आला. नणंद तिथली नर्स. तो फोनही जाळ्यावरूनच चालायचा.

"वहिनी, सुतारणीला कळा सुरू झाल्यात, आणि बाळ पायाळू आहे. पूल दुरुस्तीला काढलाय, तिला हलवता येत नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई व्हिडिओवरून सांगणार होत्या. घंटी वाजतेय, पण चेहरा नाही की आवाज नाही. काहीतरी कर गं!"

"बाईंना तुझ्या या फोनवरून विचारलं तर?"

"मी हात कुठे, कसा धरतेय ते त्यांना दिसायला नको? मी आजवर एकही पायाळू बाळ एकटीने सोडवलेलं नाही."

नणंदेचा आवाज कापत होता. एरवी ही बाई विंचवालाही दम देईल अशी.

तिने दुकानातूनच टेकडीवरच्या डब्यात प्रवेश केला. डबा म्हणजे खांबाखालच्या खोपटातला छोटा कॉम्प्युटर. खोऱ्यातलं सगळं बोलणं त्याच्यातूनच जाई, आणि त्याच्यावर पहारेकरी प्रोग्राम बसवलेला होता. कुणाला आत सोडायचं याची परवानग्यांची यादी त्या पहारेकऱ्याकडे असायची. माहितीची येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्राम तिने लावला आणि दुखणं लगेच सापडलं. डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओचा प्रोग्राम बदलला होता. नव्या प्रोग्रामची पाकिटं दारापर्यंत येत होती आणि पहारेकरी त्यांना निमूटपणे केराच्या टोपलीत टाकत होता.

यादीत एक ओळ वाढवायची, इतकंच काम होतं. पण तिकडे सुतारीण ओरडली. फोनवरून ते ऐकू आलं आणि वहिनीचा धीर सुटला. ओळ कशाला, आख्खी यादीच पुसू, नियमच नाहीत म्हटल्यावर अडवणार कोण? तिने फर्मान टाइप केलं आणि एंटर दाबलं.

पडदा थिजला. फोनमधला आवाजही गेला.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर यादी पुसली की खरोखरच सगळं मोकळं व्हायचं, कारण तिथे यादीत नसलेल्याला पहारेकऱ्याचं मूळ उत्तर 'ये' असं होतं. टेकडीवर मूळ उत्तर 'नाही' होतं. ते तिनेच ठेवलं होतं, फार शहाणपणाने! परवानग्या पुसल्या, मनाई तेवढी उरली. आता डब्यात ना डॉक्टरीण जाऊ शकत होती, ना नणंद, ना खुद्द वहिनी. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणाऱ्याला निदान खाली पडल्यावर तरी कळतं. ही बाई मात्र थिजलेल्या पडद्यावर बोटं आपटत बसली होती.

"मारलं गं मी तिला," ती मोठ्याने म्हणाली. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं. नवरा गाडी घेऊन सामान आणायला गेलेला, आणि टेकडी पायी चढायची तर तोवर तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाच रागही येत होता.

मग रागानेच डोकं चालू झालं. पुसायचं फर्मान डब्याने फक्त डोक्यात ठेवलं होतं, जुनी यादी अजून आत लिहिलेली होती. डबा बंद होऊन पुन्हा चालू झाला, की तीच यादी वाचून कामाला लागला असता. फक्त त्याचा वीजपुरवठा कोणीतरी तोडायला हवा होता. आणि लाईट गेली तरी डबा चालू ठेवणारी खोपटातली बॅटरी फुगली म्हणून तिने काढून आणली होती, नवी बसवायची राहून गेली होती. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, तो देव अशा वेळी आळशांच्याही गाई राखत असावा.

टेकडीच्या अलीकडे मोबाईल लागायचा; तिने त्यावरून वीजकेंद्रातल्या वायरमनला फोन लावला.

"दादा, टेकडीची लाईट जरा घालवता का?"

"काय?"

"घालवा. आणि लगेच परत द्या."

"वहिनी, इतकी वर्षं नोकरी केली. लाईट गेली म्हणून बापजाद्यांचा उद्धार करणारे फोन रोज येतात. घालवा म्हणणारा हा पहिलाच."

"दादा, चेष्टा नाही हो. सुतारणीचं बाळ अडलंय." तिने कसंबसं सगळं सांगितलं. मग एकदम तिला धडकी भरली. "दवाखान्याची लाईन वेगळी आहे ना?"

"वेगळी आहे. टेकडीच्या लाईनवर तुमचा खांब आणि गिरणी. भर दळणात लाईट गेली तर गिरणीवाला माझंच पीठ करेल."

"त्याला माझं नाव सांगा."

"थांबा, खटका ओढतो."

वहिनीने डब्याला हाक मारणारा पिंग सुरू करून ठेवला. हाक मारायची आणि 'ओ' येते का बघायचं, एवढंच त्या प्रोग्रामला येतं. हाक जात होती, ओ येत नव्हती. वायरमन म्हणाला, "गेली." मग म्हणाला, "दिली." तरी ओ नाही. डबा उठायला वेळ घेतो हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असून काय उपयोग! तिने जोडलेले हात तोंडावर दाबून धरले.

ओ आली.

ती आत शिरली. यादी जागेवर होती. तिने फक्त डॉक्टरीणबाईंच्या प्रोग्रामपुरती एक परवानगी लिहिली, बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचली, पुन्हा वाचली आणि मगच एंटर दाबलं. पाकिटं आत जाऊ लागली. तोच फोन खणखणला.

"कुठे मेली होतीस गं वहिनी!" नणंद ओरडली. "दिसल्या, बाई दिसल्या! फोन असाच चालू ठेवते."

नंतर वहिनीशी कोणी बोललं नाही. डॉक्टरीणबाईंचा शांत आवाज येत होता, "ओढू नका. थांबा. आता हात खालून घ्या." नणंद 'हो, हो' म्हणत होती. सुतारीण विव्हळत होती. वहिनी खुर्चीवरून उठून कधी जमिनीवर बसली, तिलाच कळलं नाही. मध्येच सगळं गप्प झालं. ते गप्प होणं फार वाईट होतं. या वेळी जाळं चालू होतं, पिंगला ओ येत होती, आणि तरी तिकडून काही ऐकू येत नव्हतं.

मग बाळ रडलं. बारीक, चिडकं, खणखणीत. नणंद हसत होती की रडत होती कोण जाणे. वहिनी मात्र मोकळेपणी रडत होती, इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

मोबाईलवर वायरमन अजून होताच. "वहिनी, आहात ना? आता राहू देऊ ना लाईट? गिरणीवाला दारात येऊन उभा आहे, पिठाने पांढरा झालाय आणि काय ते विचारतोय."

तिने मोबाईल उचलून दुसऱ्या फोनजवळ धरला. बाळ जीव तोडून रडत होतं.

"ऐकलं," वायरमन म्हणाला. "दोघांनी ऐकलं. गिरणीवाला विचारतोय, मुलगा की मुलगी?"

ते विचारायचं वहिनीला सुचलंच नव्हतं.