चौथ्या दिवसाची वाकळ

अश्लेषानं वाकळ उचलून कमरेशी धरली, तोच शामलाबाई न्हाणीच्या दारातून ओरडल्या,

"ठेव ती खाली!"

सून जागच्या जागी थिजली. ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या गोदानं मान वर केली. गोदा म्हणजे शामलाबाईंची धाकटी नणंद. काल कळंबहून देवीच्या दर्शनाला आली ती मुक्कामालाच.

"का वो वहिनी? आज चौथा दिस न्हाय का तिचा? भायेर बसलेलीनं आपलं अंथरूण आपण धुवायचं, ह्यो तर तुमचाच कायदा."

कायदा त्यांचाच होता. पुजाऱ्याच्या घरात विटाळ चालायचा नाही म्हणून चाळीस वर्षं त्यांनीच तो राबवला होता. आता आपल्याच दाव्यात आपला पाय अडकला होता.

अश्लेषा बाहेर बसलीच नव्हती. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिची आणि तिच्या नवऱ्याची, शंतनूची, बीजं एका इवल्या डबीत घालून ती डबी तिच्याच अंगात, गर्भाशयाच्या तोंडाशी ठेवली होती. "यंत्राच्या पेटीत ठेवतो ते पाच दिवस या वेळी आईच्याच उबेत काढू. फक्त जड उचलायचं नाही," बाई म्हणाल्या होत्या. पेटीतले गर्भ दोनदा टिकले नव्हते, आणि यापुढं सुनेचं अंग औषधं सोसणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं होतं. उद्या डबी काढायची. गर्भ तयार झाला असेल तर गर्भाशयात सोडायचा, नसेल तर संपलं.

गल्लीला कळू नये, सुनेला कुणी काम सांगू नये, म्हणून 'तिला कावळा शिवलाय' ही थाप शामलाबाईंनीच ठोकली होती. मागच्या खोलीत मग कोण फिरकतंय? थाप सोन्यासारखी चालली होती, गोदा येईपर्यंत.

"राहू द्या आत्या, धुते मी," अश्लेषा सासूला हळूच म्हणाली. तिचा एक हात ओटीपोटाशी गेला होता.

"तू गप. जा आत, पड." शामलाबाईंनी पुढं होऊन वाकळ हिसकावली.

"अगं बया! शिवलात की तिला!"

"शिवले तर आंघोळ करीन. पाण्याला काय तोटा हाय?"

त्यांनी वाकळ धुण्याच्या दगडावर आपटली, तांब्यानं पाणी ओतलं. पाणी नितळ वाहत राहिलं. गोदा शेंगांचं सूप बाजूला सारून उठली आणि दगडापाशी येऊन त्या पाण्याकडं बघत उभी राहिली. शामलाबाईंनी मान वर केली नाही. आता ही कळंबपर्यंत डांगोरा पिटणार.

गोदानं पदर खोचला आणि वाकळीचं दुसरं टोक धरलं.

"पिळा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "लग्नाआधी म्या बी अशीच बसायची. खोटंच."

"का गं?"

"तेवढे चार दिस तुमी काम सांगत नव्हता."

शामलाबाईंच्या हातातला पीळ सैल झाला. सात वर्षांत अश्लेषाचा एक महिना चुकला नव्हता. घड्याळ लावल्यागत बसायची. त्यातलं खरं किती, खोटं किती? आणि दर वेळी, दिवस राहत नाहीत म्हणून, त्या तिला किती घालूनपाडून बोलल्या होत्या.

मागच्या खोलीचं दार आतून लोटलेलं होतं. हाक मारून विचारायला त्यांचं तोंड उघडलं. पण उद्यापर्यंत त्या पोरीला धक्का लागून चालणार नव्हतं.

त्यांनी तोंड मिटलं आणि पीळ घातला.