तेरा पॉइंट एक

कोठारात फुगा एकच उरला होता आणि जहाज यायला अजून महिना होता. एव्हारिस्तो लेदेस्मा बावीस वर्षं त्या बर्फातल्या तळावरून ओझोन मोजणारे फुगे सोडत आला होता. न मोजलेला आकडा त्याने कधी लिहिला नव्हता, आणि या सचोटीचं सगळ्यात जास्त कौतुक त्यालाच होतं.

हिवाळाभर दक्षिण ध्रुवाभोवती वारा रिंगण धरतो. आत थंडी कोंडते, उंचावर मोतिया ढग साकळतात आणि वसंतात ऊन परतलं की त्या ढगांनी चेतवलेला क्लोरीन ओझोन फस्त करतो. यंदा ते रिंगण अंड्यासारखं लांबलं होतं. त्याचं टोक उद्या समुद्रापलीकडे, रिओ ग्रांदेच्या कुरणांवर सरकणार होतं. तिथे त्याची लेक नेलिदा मेंढ्या राखायची. गेल्या वर्षी तिच्या नाकावरचा काळा डाग कापून काढला होता. उन्हात पुन्हा भाजून घेतलंस तर कापायला नाक उरणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सकाळी फोनवर ती म्हणाली, "उन्हाच्या धोक्याचा सरकारी लाल बावटा रोजच असतो, बाबा. मेंढ्या व्यायच्या थांबतात का? तुमचा फुगा वर जाऊन म्हणाला ना, काही उरलं नाही, तर उद्या घरात बसेन. शब्द देते."

वरच्या थंडीत रबर तडकू नये म्हणून फुगा रॉकेल-तेलात बुडवून रात्रभर निथळत ठेवावा लागतो. पण वारा पडला होता तो आत्ता, तासाभरापुरता. दुपारनंतर वादळ होतं.

"कोरडाच सोडतोस?" दोरी धरायला आलेला स्वयंपाकी बोर्दोन म्हणाला. "माझं मांस जरा कच्चं राहिलं तर ताट परत पाठवतोस."

"दोरी धर."

फुगा गेला. दोघं संगणकाच्या पडद्यापुढे बसले. 'माते' या कडवट पानांच्या चहाचा पेला याच्या हातातून त्याच्या हातात फिरत राहिला. दहा किलोमीटर. अकरा. बाराव्याला ओझोन घसरू लागला. लेदेस्मा, जो एरवी देवाच्या वाटेला जात नसे, पुटपुटू लागला. तेराव्याला रेघ तुटली.

बोर्दोनने पेला खाली ठेवला. "पुढे काय असतं ते ठाऊक आहे ना तुला? सांग शून्य."

"दरवर्षी तक्ता मागते ती. स्वयंपाकघरात लावते. बावीस लागलेत."

"मग काढ पेन्सिलीने."

लेदेस्माने काढली. वीस किलोमीटरपर्यंत, पार तळाला टेकलेली, सुबक रेघ. मग फोन लावला.

"काही उरलं नाही, पोरी. शून्य."

"किती उंच गेला?"

"वीस."

"वीस पॉइंट किती?"

त्याने पेन्सिलीच्या रेघेकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्याने तिला नुसती 'वीस' अशी उंची कधी सांगितली नव्हती.

"बाबा?"

"तेरा पॉइंट एक," तो म्हणाला. "फुटला."

"म्हणजे वरचं तुम्हालाही माहीत नाही." तिच्यामागे कोकरं ओरडत होती. "टोपी घालते. ठेवू?"

"शून्यच असतं गं वर. दरवर्षी जवळजवळ शून्यच असतं. नेलिदा, ऐक..."

बोर्दोनने हळूच त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. फोन केव्हाच बंद झाला होता.