सूर ताईचा, आवाज धाकटीचा

मित्रांनो, लांबून पाहिलेत तर मी तुम्हाला अर्ध्यातच कापलेला पियानो वाटेन. मी एक जुना सिंथेसायझर आहे. माझ्या पोटात ना तारा छेडल्या जातात, ना हवा भरली जाते. विजेच्या थरथरीतून माझा आवाज जन्मतो. एका लहानशा कारखान्यात कारागिरांनी माझा एकेक भाग कथिलाने जोडला आणि दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या फळ्या बसवल्या.

माझ्या खोडी पुष्कळ. अंग तापेपर्यंत मी सुरात येत नाही. एका वेळी एकच सूर काढतो. माझ्या लक्षातही कुठला आवाज राहत नाही. बटण फिरवले की आधीचा आवाज गेला तो गेलाच. पण तेच बटण हळूहळू फिरवून पाहा. दाराआड कुणी गुणगुणावे तसा सूर आधी दबका येतो आणि दार उघडत जावे तसा मोकळा होतो.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका बाबांनी मला आपल्या दोन मुलींसाठी आणले. ताई पट्ट्यांसमोर बसे. धाकटी शेजारी उभी राहून बटणे फिरवी. बाबांच्या हाताखाली काम करून तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. त्यावरून मी तिला ओळखत असे. एरवी दोघींचे क्षणभर पटत नसे, पण वाजवताना त्यांचा श्वास एक होई.

पुढे त्या नाटकांना संगीत देऊ लागल्या. एका नाटकात आई मुलाची वाट पाहत उभी असे. तिथे ताई एकच सूर धरी आणि धाकटी तो असा काही उलगडत नेई, की नाट्यगृहात कुणी खोकतही नसे. नाटक गाजले. जाहिरातीत मात्र नाव एकट्या ताईचे आले.

धाकटीने विचारले तेव्हा ताई म्हणाली, "बोटं माझीच होती ना?"

"हो. आणि आवाज?"

ताई फटकन म्हणाली, "बटणं काय, कुणीही फिरवेल."

धाकटीने दूरच्या शहरात नोकरी धरली. फोन करी, तोही बाबांना. बाबा गेल्यावर तेही थांबले.

ताईने बटणे फिरवायला दोघातिघांना बोलावून पाहिले. ते यायचे आणि जायचे. मग शेकडो आवाज तयारच असलेला नवा कीबोर्ड आला आणि मी चादर पांघरून कपाटावर गेलो. तिथे मला टाळ्यांची आठवण येत नसे, मित्रांनो. आठवण यायची ती त्या घट्ट्याची.

बरीच वर्षे गेली. आजारपणात ताईचा डावा हात लुळा पडला. दोन्ही हातांचे वाजवणे संपले. तिने नवऱ्याला सांगून मला खाली उतरवले, दुरुस्त करून घेतले. एका वेळी एकच सूर काढणाऱ्या मला तिचा एक हात पुरत होता. पण बटणाकडे हात नेला की गाणे तुटे. दोन दिवस तिने धडपड केली. तिसऱ्या दिवशी फोन लावला. धाकटीने उचलताच म्हणाली, "कुणीही नाही गं फिरवू शकत. तू ये."

धाकटी आली. केस पांढरे झाले होते. दोघींनी मागचे काही उकरले नाही. ती येऊन शेजारी उभी राहिली, ताईने सूर धरला आणि तो घट्टा पुन्हा माझ्या बटणावर टेकला. दुपारभर आम्ही तिघे वाजत होतो. दुसऱ्या दिवशी तिला नोकरीवर परतावे लागले.

मित्रांनो, जुन्या वाद्यांना झाकून ठेवू नका. धुळीने आम्ही बिघडतो खरे, पण कुणाचा हात लागला नाही तर जास्त बिघडतो. माणसांचेही तसेच असावे.

आता ताई मला रोज वाजवते. बटणांना मात्र ती शिवत नाही, दुसऱ्या कुणाला शिवू देत नाही. धाकटीने जिथे सोडला, तिथेच माझा आवाज थांबला आहे, अर्धा उघडलेला.