खालच्या पुलाखालचे किडे

नदीचं पाणी तपासणाऱ्या कचेरीत त्यांना सगळे किडेबाई म्हणत, तेही तोंडावर. अर्धं आयुष्य नदीच्या तळातले किडे वेचण्यात घालवलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? पाण्याची बाटली यंत्राला लावली की यंत्र त्या घटकेचं पाणी सांगतं. पण नदीकाठचा रंगाचा कारखाना काही तुम्ही बाटली घेऊन याल म्हणून सांडपाणी सोडत बसत नाही. तळातला किडा मात्र दगडाला चिकटून वर्षभर सगळं सोसतो. तो जगला तर नदी जगली. हिशेब एवढा साधा, पण तो करायला गुडघाभर गार पाण्यात वाकून उभं राहावं लागतं, आणि बाईंची कंबर त्या कामाला केव्हाच विटली होती. खरं सांगायचं तर बाईही विटल्या होत्या.

यंदा मात्र अंग चोरून चालणार नव्हतं. खालच्या पुलाजवळच्या वस्तीत त्यांची धाकटी बहीण राहायची. नळाला नदीचंच पाणी, कितीही गाळलं तरी वास न जाणारं. पोरांच्या अंगावरचं पुरळ काही केल्या हटत नव्हतं. नवरा म्हणत होता, दूर भावाच्या गावी जाऊ. धाकटीनेच त्याला थोपवून धरलं होतं. कारखान्याने सांडपाणी शुद्ध करायची टाकी बसवली होती, तेव्हा ताई नदी बघेल, सुधारतेय म्हणाली तर थांबू, नाहीतर निघू. धाकटी गेली की हक्काने दार वाजवावं असं एकही घर बाईंना उरणार नव्हतं.

दर वर्षी त्या आधी खालच्या पुलाखाली उतरत, मग वर, कारखान्याच्याही वरच्या अंगाला जात. तिथल्या स्वच्छ धारेत पोचल्या पोचल्या जाळी खळखळून धुवायची आणि मगच कामाला लागायचं, हे हाताला पडलेलं वळण. या वेळी वाटलं, वरचे निसरडे दगड आधी उरकून घेऊ, पायांत जीव आहे तोवर. म्हणून वरून सुरुवात केली आणि खाली आल्या. जाळी प्रवाहात आडवी धरली, तिच्या पुढ्यात गमबुटाने तळ ढवळला, जाळीत आलेला गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये उपडा केला.

नेहमीच्या लाल अळ्या होत्याच. घाणीत त्यांचं काही बिघडत नाही. पण त्यांच्यात चारपाच किडे पळत होते, चपटे, मागे केसांसारख्या तीन शेपट्या असलेले. पाणी बिघडलं की सगळ्यांत आधी मरतात ते हे. पुलाखाली ते दिसायचे तेव्हा बाईंचे केस काळे होते.

त्या तिथेच चिखलात फतकल मारून बसल्या आणि फोन लावला.

"अगं, आहेत! जिवंत आहेत!"

"कोण गं?"

"तीन शेपट्यांचे! नदी सुधारतेय. बांधाबांध थांबव तू."

पलीकडे धाकटी नवऱ्याला ओरडून सांगत होती, "अहो, ती खोकी सोडा आधी! ताई काय म्हणतेय ऐका!" बाई एकट्याच हसल्या. आपण किती दिवसांनी हसलो, हे त्यांना आठवेना.

प्रयोगशाळेत त्यांनी त्यातला एक किडा भिंगाखाली धरला. त्याच्या पायात शेवाळाचा हिरवा धागा अडकला होता. ते बारीक, मऊ शेवाळ फक्त वरच्या दगडांवर वाढतं. वरून खाली येताना जाळी धुतलीच नव्हती. ती धुवायची ती वर पोचल्यावर, आणि आज वर पोचल्या तेव्हा ती कोरडीच होती. हाताने आपलं नेहमीचं काम नेहमीच्याच जागी शोधलं, न सापडल्यावर सोडून दिलं.

कोणाला कळणार होतं? किड्यांच्या बाबतीत कचेरीत त्यांचाच शब्द शेवटचा. धाकटी इथेच राहील. हाकेच्या अंतरावर. आणि पोरं रात्रंदिवस खाजवत राहतील. स्वतःला एक शिवी हासडून बाईंनी जाळी नळाखाली धुतली, पिळली, पुन्हा धुतली आणि गमबूट चढवले.

पुलाखाली लाल अळ्या निघाल्या. जागा बदलून ढवळलं, तरी लाल अळ्याच. कोणी बघत नव्हतं म्हणून बाई थोडं रडल्या. मग पाय उचलेनात तरी ते ओढत धाकटीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई! अगं, चिखल तरी झटकायचास," धाकटी दार उघडता उघडता म्हणाली आणि त्यांचा चेहरा बघून वाटेतून बाजूला झाली.

"जाळी धुतली नव्हती गं मी. ते किडे वरचे होते, तिला चिकटून आलेले. खाली काही नाही." बाईंनी भिंतीचा आधार घेतला. "तुम्ही निघा. पोरांना घेऊन निघा इथून."

धाकटीने एक रिकामं खोकं पायाने पुढे ओढलं.

"बस तू. दमलीयस."

"दमलेयच," बाई म्हणाल्या. "दे इकडे, मी भरते."

फळीवर ताटल्या लावलेल्या होत्या. खोक्यातून काढून धाकटीने त्या नुकत्याच धुतल्या होत्या, अजून ओल्या होत्या. बाईंनी एकेक ताटली पुसून कागदात गुंडाळायला घेतली.