शहाण्णव आत, तीनशे बाहेर

जवाहर मगदुमांना वाईला जाऊन थोरल्या बहिणीला भेटायचं होतं. मनुबाई ब्याऐंशी वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. आई गेली तेव्हा जवाहर चार वर्षांचे होते, आणि त्यांना तिनंच वाढवलं. आता चार वर्षं भावाबहिणीची गाठ पडली नव्हती. माधवनगरला तीस वर्षं यंत्रमागावर काढल्यामुळं सुताची धूळ छातीत बसली, असं डॉक्टर म्हणत. नाकात सतत नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनची मशीन. मशीनला वीज लागते, त्यामुळं जवाहरांचं जग माडीवरच्या पलंगापासून मोरीपर्यंतच उरलं होतं.

त्यांचा मुलगा भरतेश कुपवाडच्या एका शेडमध्ये पॉवर बॉक्स जोडून विकायचा. प्रवासी बॅगेएवढी पेटी, आत बॅटरी, बाहेर घरातल्यासारखे प्लग. घरात भिंतीच्या प्लगवर चार्ज करायची, नाहीतर गाडीत लायटरच्या सॉकेटला वायर लावायची. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, अण्णांना वाईला नेऊ, मशीन पेटीवर चालेल आणि पेटी गाडीवर भरत राहील. जवाहरांचा घास हातातच राहिला. त्यांनी त्याच दुपारी बहिणीला फोन केला. मनुबाईनं सांगितलं, की त्या दिवशी तू येईपर्यंत मी जेवत नाही, दोघं बरोबर बसू.

निघायच्या दिवशी चंदनबालाबाईंनी, म्हणजे जवाहरांच्या बायकोनं, घरातला छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर आठवणीनं भरतेशला डिकीत ठेवायला सांगितला. सकाळी आठला सांगली सोडली. जवाहर पुढं बसले, चंदनबालाबाई मागं, आणि त्यांच्याशेजारी सीटवर मशीन आणि पेटी. पेटीच्या छोट्या पडद्यावर आकडे दिसत होते. किती वीज आत येते, किती बाहेर जाते आणि शिल्लक किती टक्के. आत शहाण्णव, बाहेर तीनशे दहा.

पेठ नाक्याला शंभराचे ऐंशी झाले. चंदनबालाबाई सातवी शिकलेल्या, पण टाकीत नळ बारीक आणि खालची तोटी मोठी असेल तर काय होतं हे कळायला त्यांना शाळा नको होती. पेटी भरत न्हाई, उलट रिकामी व्हायलीय, असं त्यांनी मुलाला सांगितलं. भरतेशनं आरशातून बघितलं. गाडीचा सॉकेट तेवढीच वीज देतो, त्याचा हिशोब मी केलाय, वाईला पोचून पाव पेटी उरते, तू त्या आकड्यांकडं बघू नकोस, असं तो म्हणाला. हिशोब खरा होता. मधे कुठं थांबलं नाही तर.

साताऱ्याच्या अलीकडं त्यानं सांगितलं, की वीस मिनिटं एका ठिकाणी जायचंय. इंद्रजित म्हणून एक माणूस होता, दवाखान्यांना सामान पुरवणारा. त्याला पेट्या दाखवायच्या होत्या. चंदनबालाबाईंना वाटलं, हा एकटा आत जाऊन येईल. पण त्यानं गाडी बंद केली, पेटी आणि मशीन ढकलगाडीवर चढवली आणि वडलांना हाताला धरून इंद्रजितच्या दुकानात नेलं.

तिथं सोफ्यावर जवाहरांना बसवलं. भरतेश बोलायला लागला. हे माझे वडील, सांगलीहून या पेटीवर आले, रस्त्यात एक मिनिट मशीन बंद नाही, गाडी चालू असली की पेटी भरत राहते, संपायचा प्रश्नच नाही. दुकानातली चार माणसं गोळा झाली. कुणी नळीकडं बघितलं, कुणी पडद्याचा फोटो काढला. इंद्रजितनं चहा सांगितला. त्याची आईही ऑक्सिजनवर होती, म्हणून तो बारकाईनं विचारत होता. जवाहर सगळ्यांकडं बघून मान हलवत होते.

सोफ्याशेजारच्या भिंतीवर, हाताच्या अंतरावर, विजेचा बोर्ड होता. चंदनबालाबाईंनी मुलाला खुणेनं दाखवला, मशीनची पिन तिथं लाव म्हणून. त्यानं डोळ्यांनीच गप्प केलं. भिंतीवर लावली तर पेटी काय दाखवणार? त्या जागेवरच बसून राहिल्या. परक्या माणसांपुढं मुलाचा शब्द खाली पाडायचा नव्हता. वीस मिनिटांचा सव्वा तास झाला. निघताना इंद्रजितनं भरतेशच्या पाठीवर हात ठेवला. पेटीत बारा टक्के उरले होते.

वाई चाळीस मिनिटांवर आलीय, पोचतो, असं भरतेश म्हणाला. लिंब फाट्याच्या पुढं एक कंटेनर आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. सात टक्के झाले, मग चार. पेटी टीं टीं करायला लागली. चंदनबालाबाईंनी सिलिंडर काढायला सांगितलं. भरतेशनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"तो मी घरातच ठेवला, आई," तो म्हणाला. "डिकीत सिलिंडर दिसला असता तर पेटीवर कुणाचा विश्वास बसला असता?"

पेटी बंद पडली, मशीन बंद पडली, आणि गाडीत जवाहरांच्या श्वासाचा आवाज तेवढा राहिला. ओठ निळसर व्हायला लागले. भरतेशनं गाडी डावीकडच्या कच्च्या पट्टीवर घातली आणि हॉर्न वाजवत अर्धा किलोमीटर नेली. तिथं एक पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार कोंडीबानं एकदा आत वाकून बघितलं आणि आपल्या हवेच्या मशीनची पिन उपटली.

"आदी म्हाताऱ्याला खाली घ्या," तो म्हणाला. "इचारताय काय, लावा."

जवाहरांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि ऑक्सिजनच्या मशीनची पिन त्या जागी लावली. बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या यंत्रानं एकाहत्तर दाखवलं. दहा मिनिटांनी चौऱ्याऐंशी. त्यांना मान धरवत नव्हती. भरतेश फोनवर फोन करत होता. ॲम्ब्युलन्स आली ती साताऱ्याकडची, आणि ती जवाहरांना घेऊन साताऱ्यालाच परत गेली. वाई तिथून वीस किलोमीटरसुद्धा नव्हती.

संध्याकाळी मनुबाईचा फोन आला. भाऊ बरा आहे, पण आता येऊ शकत नाही, असं ऐकून तिनं तक्रार केली नाही. ती जेवायची थांबली होती आणि आता दिवस बुडाला होता. जैन रिवाजाप्रमाणं दिवस बुडाल्यावर ती कधीच जेवत नसे. म्हणजे त्या दिवशी ती उपाशीच राहिली.

दवाखान्यात भरतेश औषधं आणायला गेला तेव्हा चंदनबालाबाई नवऱ्याजवळ बसल्या. त्यांच्या मनात जे सलत होतं ते त्यांनी सांगून टाकलं. सोफ्याजवळच बोर्ड होता, मला दिसत होता, मी उठून पिन लावायला पायजे होती.

"मलाबी दिसला हुता," जवाहर म्हणाले. "त्याचं काम व्हायलंय असं वाटलं मला."

तीन आठवड्यांनी मनुबाई गेली. जवाहरांनी तिला शेवटचं बघितलं ते मोबाईलवर, आणि धरणाऱ्याचा हात हलत होता म्हणून नीट दिसलीही नाही. क्रियेला भरतेश एकटा जाऊन आला. बहिणीचं दुःख त्यांनी मोठ्यानं केलं नाही. मोठ्यानं करायला श्वास पुरत नव्हता.

दहाव्या दिवशी भरतेश वडलांच्या पलंगाशी येऊन बसला. इंद्रजित मोठी ऑर्डर द्यायला तयार होता, पण त्याआधी त्याला जवाहरांशी बोलायचं होतं. जास्त काही नाही, प्रवासात पेटी चांगली चालली एवढं म्हणा, असं भरतेशनं सांगितलं. जवाहर छताकडं बघत राहिले. भरतेशनं तो होकार धरला.

फोन दुपारी आला. चंदनबालाबाईंनी तो नवऱ्याच्या कानाशी धरला, त्यामुळं पलीकडचंही त्यांना ऐकू येत होतं. इंद्रजितनं तब्येत विचारली. मग म्हणाला, की नातीच्या लग्नासाठी आईला पुण्याला न्यायचंय, तिची फार इच्छा आहे, तर मशीन या पेटीवर लावून गाडीतनं नेऊ का, तुम्ही स्वतः गेलाय म्हणून तुम्हालाच विचारतो. जवाहरांनी दोन-तीन श्वास घेतले.

"साहेब, गाडीवर ती पेटी भरत न्हाई. गाडी चालू असली तर जरा उशिरा संपती, एवढंच. आईला न्यायचं असलं तर सिलिंडर घ्या. एक न्हाई, दोन घ्या. आन वाटंत कुठं थांबू नका."

ऑर्डर हातची गेली. भरतेश संध्याकाळी वर आला तो दारातच उभा राहिला. आवाज चढवला नाही. एका वाक्याचं काम होतं अण्णा, असं म्हणाला. दोन वर्षं त्या शेडमध्ये मी काय करतोय ते तुम्हाला दिसत नाही का? परक्याच्या आईसाठी तुम्ही स्वतःच्या मुलाचं नुकसान केलंत. जवाहर डोळे मिटून पडले होते. उत्तर चंदनबालाबाईंनी दिलं.

"त्याच्या आईनं तुझं काय वाकडं केलंय रं?"

तो जिना उतरून गेला.

आता तो पेट्या जत्रेतल्या गाड्यांना, लग्नात फोटो काढणाऱ्यांना, आइस्क्रीमवाल्यांना विकतो. धंदा बरा चाललाय. पेटी वाईट नाहीच, त्या कामाला चांगली आहे, हे चंदनबालाबाईही कबूल करतात. रोज सकाळी वर येऊन तो औषधं आहेत का विचारतो, संपली असतील तर आणून देतो. पण बसत नाही, आणि बस असं कुणी म्हणतही नाही.

परवा वाईहून मनुबाईच्या सुनेनं निरोप पाठवला होता. वर्षश्राद्ध आम्ही घालत नाही, पण त्या दिवशी मंदिरात पूजा ठेवलीय, मामांना जमेल का? चंदनबालाबाईंनी तो नवऱ्याला वाचून दाखवला. जवाहरांनी कूस बदलली, नळी सरळ केली आणि न्हाई म्हणून कळव म्हणाले. कसं नेणार, कोण नेणार, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.